'तिलावा'ची गोष्ट घेऊन पैठण ते किल्लारी

२० नोव्हेंबर : छत्रपती संभाजीनगर, पैठण, बीड

१९४२ साली याच तारखेला 'तिलावा' मुंबई बंदरातून निघाली. बोट ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, १९२४ साली न्यूकॅसलकडे बांधलेली, दहा हजार टनांची. मुंबईहून मोम्बासा, तिथून लोरेन्सो मार्केस म्हणजे आजचं मापुतो, आणि शेवटी डर्बन. बोटीवर ९५८ माणसं होती : ७३२ उतारू, २२२ खलाशी-अधिकारी आणि चार गोलंदाज. एक तोफ होती, पण सोबतीला एकही लढाऊ जहाज नव्हतं. तिसऱ्या रात्री एका जपानी पाणबुडीने तिला बुडवलं आणि २८० माणसं गेली.

मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरी करतो, गाव औसा तालुक्यातलं. सुट्टीवर आलो की आमचे दाजी मला हक्काने शाळा-वाचनालयांत बोलायला नेतात. ते स्वतः शिक्षक आहेत. यंदाच्या तारखा बघितल्यावर मीच म्हणालो, या खेपेला 'तिलावा'वर बोलू. दाजी जरा थबकले. "आपल्याकडं ना समुद्र, ना बंदर. पोरांच्या डोक्यात बसंल का?" मी म्हणालो, बसेल. १९४२ साली मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, समुद्राचं तोंडही न बघितलेला मुलूख. पण पोटासाठी घर सोडून जाणाऱ्या माणसांची गोष्ट इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

संभाजीनगरहून सकाळी निघून दहाच्या आत पैठणला पोहोचलो. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि थेट धरणावर गेलो. नाथसागर यंदा काठोकाठ आहे. सप्टेंबरात याच धरणातून सोडलेल्या पाण्याने खालच्या गावांची दैना केली, अजून गोदाकाठच्या शेतांतून गाळ आणि दगडगोटे काढायचं काम चालू आहे. इथल्या माणसाला पाण्याचं भय नव्याने समजावून सांगायची गरज नाही हे तिथेच कळलं.

शाळा पैठणजवळच्या खेड्यातली, वर्ग आठवी ते दहावीचे. फळ्यावर नकाशा काढला. मुंबईपासून नैऋत्येला सुमारे साडेनऊशे सागरी मैल, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला दीड हजार किलोमीटर, तिथे एक फुली मारली. एका मुलाने विचारलं, "सर, आपल्या धरणापेक्षा किती मोठा असतो समुद्र?" नाथसागराची लांबी ५५ किलोमीटर आणि रुंदी २७, म्हणजे या काठावरून पलीकडचा काठ दिसत नाही. मी म्हणालो, मदतीला आलेल्या जहाजाला या फुलीपर्यंत पोहोचायला जवळजवळ दोन दिवस लागले. तेवढा वेळ माणसं होड्यांत आणि तराफ्यांवर होती. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "प्यायचं पाणी होतं का?" सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. जीवरक्षक होडीत पाण्याची पिंपं आणि बिस्किटं ठेवलेली असतात, पण पन्नास जणांच्या होडीत सत्तर चढले की तो हिशेब कोलमडतो. समुद्राचं पाणी प्यायलं तर तहान वाढते आणि माणूस भ्रमिष्ट होतो.

याच पैठणचे सातवाहन. त्यांच्यातल्या यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ती नाणी सापडली मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, पण घराण्याची राजधानी ही. शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना हे माहीत होतं आणि त्यांनी मुलांना वहीत ते जहाज काढायला लावलं होतं. मला फार बरं वाटलं.

दुपारनंतर गेवराईमार्गे बीडकडे निघालो. रस्त्यात ऊसतोडीच्या मागे राहिलेल्या टोळ्या लागल्या. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, चूल, पाचटाच्या खोपीसाठी बांबू, दोन शेळ्या आणि सगळ्यांच्या वर बसलेली लेकरं. एका पेट्रोल पंपावर ट्रॅक्टर थांबला होता. एक बाई तान्ह्याला पदराखाली घेऊन ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसली होती. दाजींनी विचारलं, "कुठं निघालाव?" नवरा म्हणाला, "कोल्हापूरकडं. मुकादमानं उचल दिलीय, आता सहा म्हैने तिकडंच."

'तिलावा'चे बहुतेक उतारू डेकवरचे होते. गुजरात-पंजाबकडची कुटुंबं, पूर्व आफ्रिकेत कोणाचं दुकान, कोणाची रेल्वेत नोकरी, कोणी नवऱ्याकडे निघालेली, सोबत लेकरं. वळकटी, ट्रंक आणि खाण्याचे डबे घेऊन डेकवरच संसार मांडायचा. त्यांना कोणी सक्तीने नेलं नव्हतं, तरी युद्ध पेटलेलं असताना निघावं लागलं, कारण पोट तिकडे होतं. बोटीवरच्या खलाशांचं तर ऊसतोडीशी आणखी जवळचं नातं. त्या काळी खलाशी भरती व्हायचा तो सारंगाच्या हातून. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. तो सांगेल त्याला बोट मिळायची, त्याची दस्तुरी, म्हणजे दलाली, द्यावी लागायची, आणि बोट मिळेपर्यंत बंदरावर उधारीत राहावं लागायचं. दाजी ऐकून म्हणाले, "म्हंजे मुकादमच की." होय, मुकादमच.

बीडला दाजींच्या मित्राकडे मुक्काम. जेवायला बाजरीची भाकरी, तुरीच्या ओल्या शेंगांची आमटी आणि ठेचा.

२१ नोव्हेंबर : बीड, कळंब, तेर, लातूर

तेरला जायचा माझा हट्ट होता. पहिल्या शतकात भूमध्य समुद्राकडून भारतात येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ग्रीक भाषेत एक माहितीपुस्तक लिहिलं गेलं, 'पेरिप्लस'. त्यात पैठण आहे आणि 'तगर' आहे, म्हणजे हे तेर. पैठणहून अकीक, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल, हे सगळं गाड्यांवर लादून बिनवाटेच्या मुलखातून भडोचला जायचं आणि तिथे जहाजात चढायचं. तेरणेकाठच्या या गावातला माल रोमपर्यंत गेला. म्हणून मराठवाड्याचा समुद्राशी संबंध काय, असं कोणी विचारलं की मी त्याला तेरला जाऊन ये म्हणतो.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंमधून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय इथे आहे. हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या आणि रोमन धाटणीचे मातीचे दिवे. एका दिव्यापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. तळहातावर मावेल एवढा, वातीच्या तोंडापाशी निमुळता. हा दिवा किंवा त्याचा नमुना कोणत्यातरी जहाजातून आला, आणि त्या जहाजावर कोणीतरी वल्ही मारत किंवा शिडं ओढत होतं. गोरोबाकाकांच्या समाधीला जाऊन आलो. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ घाईतच पाहिलं, त्याला खरं तर एक सबंध दिवस द्यायला हवा.

दाजींच्या ओळखीने कॉलेजची काही मुलं जमली होती, त्यांत आयटीआयची दोघं-तिघं. त्यांना गोष्टीपेक्षा यंत्रात रस. टॉर्पेडो चालतो कसा, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या इंजिनावर पळणारा बाँब. इतर देशांचे बहुतेक टॉर्पेडो दाबलेल्या हवेवर चालत, त्यांच्यामागे बुडबुड्यांची पांढरी रेघ उठे आणि दिवसा तरी टेहळणीवाल्याला ती दिसे. जपान्यांनी हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला. पल्ला वाढला, वेग वाढला आणि मागची रेघ जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्या पाणबुड्यांवरच्या टॉर्पेडोच्या तोंडाशी सुमारे ४०० किलो दारू भरलेली असायची. रात्रीच्या अंधारात एकट्या बोटीला तो येताना दिसणं शक्यच नव्हतं.

'तिलावा'वर पहिला टॉर्पेडो आदळला तो रात्री दोनच्या सुमाराला. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ती वेळ माझ्या ओळखीची आहे. जहाजावर पहाऱ्याच्या पाळ्या चार-चार तासांच्या. थर्ड इंजिनिअर असताना माझी पाळी बारा ते चारची होती. इंजिन रूम पाण्याच्या पातळीखाली असते. तीन-चार मजले लोखंडी शिड्या उतरून खाली जायचं. उष्मा एवढा की बॉयलर सूट अंगाला चिकटतो, आणि आवाज एवढा की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं. वर वादळ आहे, चांदणं आहे की कोणी हाका मारतंय, खाली काही कळत नाही. जहाजाच्या पत्र्यापलीकडे थेट समुद्र, आणि मध्ये बोटभर जाडीचं पोलाद. टॉर्पेडो नेमका त्या उंचीवर लागतो. तो इंजिन रूमवर आदळला तर खालच्या माणसाला शिडीची पहिली पायरी गाठायलाही वेळ मिळत नाही. वाफेची नळी फुटली तर बुडायच्या आधी भाजून मरण येतं. त्या काळी खाली आगवाले, कोयलावाले, तेलवाले असायचे, बहुतेक सगळे हिंदुस्थानी. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आपले खलाशी हजारोंनी होते आणि गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्यांना पगार मिळायचा सुमारे पाव हिस्सा. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्यांनी इंग्लंडच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले, त्यांतले कित्येक तुरुंगात गेले. हा संप आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आयटीआयच्या मुलाने विचारलं, "मग सर, खालून वर यायला दुसरी वाट न्हवती का?" आता असते. इंजिन रूमच्या तळापासून सरळ डेकवर निघणारी एक अरुंद बंद विहीर, आत शिडी, तळाशी अग्निरोधक दार. प्रत्येक जहाजावर रुजू झालो की मी पहिल्या दिवशी ती शिडी डोळे मिटून चढून बघतो. हे मुलांना सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, डोळे मिटून कशाला? कारण ती खरोखर लागेल त्या वेळी दिवे गेलेले असतील.

ढोकी-मुरूडमार्गे लातूरला यायला अंधार पडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून हरभरा उगवून आला होता.

२२ नोव्हेंबर : लातूर

सकाळी एका अभ्यासिकेत कार्यक्रम होता. लातूर हे शिकवण्यांचं गाव. पण डॉक्टर-इंजिनिअरच्या रांगेत नंबर लागला नाही की पोरं आता मर्चंट नेव्हीचं नाव काढतात. आमच्याच भावकीतल्या एका मुलाकडून एका एजंटाने साडेतीन लाख घेतले, 'थेट जहाजावर' म्हणून. पोरगं परदेशातल्या एका बंदरात चार महिने पगाराविना एका मोडक्या टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवर, अडकलं होतं. घरच्यांनी दीड एकर गहाण टाकून पैसे उभे केले होते. म्हणून या पोरांना इतिहासाच्या आधी मी कागद सांगितले. सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक. इंडॉस नंबर, म्हणजे देशाच्या खलाशी-नोंदणीतला आपला क्रमांक. डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची, मान्यता असलेली प्रशिक्षण संस्था. आणि जहाजावर पाठवणाऱ्या कंपनीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, जो डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः तपासायचा. परवानाधारक कंपनी नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेऊ शकत नाही, कायद्यानेच मनाई आहे. सारंगाची दस्तुरी गेली आणि तिच्या जागी एजंट आला. नाव बदललं, खिसा गरिबाचाच कापला जातो.

मग 'तिलावा'वर आलो. पहिल्या धक्क्यानंतर बोट लगेच बुडाली नाही, आणि घात तिथे झाला. अंधारात शेकडो माणसं एकदम होड्यांकडे धावली. होड्या खाली सोडताना कलंडल्या, माणसं समुद्रात पडली. नंतर बोट तरंगतेय असं बघून अधिकारी आणि खलाशी पुन्हा तिच्यावर चढायच्या खटपटीत होते, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत बोट गेली. या सगळ्या वेळात मुख्य रेडिओ ऑफिसर डंकन आपल्या खोलीत संदेश पाठवत होता. पाणबुडीचा हल्ला झाला तर त्या काळी चार वेळा 'एस' ठोकायचा, तीन टिंबं चार वेळा, आणि पुढे आपली जागा. हा माणूस होडीकडे गेलाच नाही, बोटीबरोबरच गेला. 'बर्मिंगहॅम' ही ब्रिटिश क्रूझर आणि 'कार्थेज' हे जहाज तिथे पोहोचलं, ६७८ जीव वाचले आणि २७ नोव्हेंबरला मुंबईला परत आले. डंकनबद्दल बोलताना माझा आवाज दर वेळी कापतो. आज आमच्याकडे जहाज बुडालं तर आपोआप सुटून तरंगणारा आणि उपग्रहाला जागा कळवणारा बीकन असतो. तेव्हा तो बीकन म्हणजे खोलीत बसलेला एक माणूस होता.

दुपारी दाजींच्या आत्यांकडे जेवण. आत्या नव्वदीच्या घरातल्या, कान शाबूत. मी चांदीचा विषय काढला तशा त्या उठल्या आणि देव्हाऱ्यामागून एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत निजामाचा हाली सिक्का, चारमिनारचा, आणि एक राजाछाप रुपया, सहाव्या जॉर्जचा, १९४४ सालचा. तो हातात घेतला. तोळाभर वजन. काठावर दाते आणि त्या दात्यांच्या मधोमध फिरलेली बारीक नक्षीची रेघ. ही रेघ युद्धाची खूण आहे. १९४० पर्यंत रुपयात शेकडा ९१.७ चांदी असायची, ती सरकारने निम्म्यावर आणली आणि नकली नाणी पाडता येऊ नयेत म्हणून काठ बदलला. आत्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं वाजवून बघितला व्हता. म्हणाले, ह्याचा आवाज बद्द येतो."

'तिलावा'च्या पोटातही चांदी होती, चांदीच्या २,३६४ लगडी. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी मुंबईत विकत घेतलेल्या. त्या दोन वर्षांत समुद्राने हिंदुस्थानातून निघालेली अशी बरीच चांदी गिळली. 'गैरसोप्पा' ही कलकत्त्याहून चांदी घेऊन निघालेली बोट फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. तिचा एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला, सेकंड ऑफिसर एअर्स. 'सिटी ऑफ कैरो' मुंबईहून चांदीच्या रुपयांच्या दोन हजार पेट्या घेऊन निघाली आणि 'तिलावा'च्या सतरा दिवस आधी दक्षिण अटलांटिकमध्ये गेली. तिन्ही बोटींवरची चांदी या पंधरा-वीस वर्षांत यंत्रं लावून वर काढली गेली. 'तिलावा'ची चांदी अडीच किलोमीटर खोलीवरून २०१७ मध्ये एका खासगी कंपनीने काढली आणि इंग्लंडला नेली. मग भांडण लागलं, चांदी कोणाची? दक्षिण आफ्रिका म्हणाली आमची. खालच्या दोन कोर्टांत कंपनी जिंकली. ८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. बोटीच्या पोटात पडून असलेला सरकारी माल व्यापारी वापरात होता असं म्हणता येत नाही, म्हणून त्या सरकारवर दावा चालत नाही, असा त्याचा मथितार्थ.

निकाल कायद्याने बरोबरच असेल. माझं दुखणं वेगळं आहे. लगडी एकेक मोजल्या गेल्या, त्यांच्यासाठी तीन कोर्टांत वकील उभे राहिले. डेकवरच्या उतारूंची एवढी नेटाने मोजदाद करायला त्यांच्या नातवंडांना ऐंशी वर्षांनी स्वतः उभं राहावं लागलं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत बॅलार्ड इस्टेटला वाचलेल्यांचे आणि गेलेल्यांचे नातलग जमले, कोणी इंग्लंडहून, कोणी कॅनडाहून. बंदराच्या दारातच, बोट निघाली त्या जागेजवळ. त्यांचं काम मला चांदी काढण्यापेक्षा मोठं वाटतं.

आत्या सगळं ऐकून म्हणाल्या, "आन् बायका-लेकरं किती व्हती?" पुष्कळ होती, एवढंच मी म्हणू शकलो. त्यांनी रुपया परत पुरचुंडीत बांधला.

२३ नोव्हेंबर : किल्लारी परिसर

आज रविवार. किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावातल्या वाचनालयात दुपारचा कार्यक्रम. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरापुढे आता तीस वर्षांची मोठी झालेली कडुनिंबाची झाडं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर धाब्याचं ओझं, ते सगळं अंगावर आलं. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी त्या वेळी लहान होतो, आमचं घर पडलं नाही, पण शेजारच्या गावाकडून येणारे ट्रॅक्टर अजून डोळ्यांपुढे आहेत.

माणसं भरपूर आली होती, बायाही. आधी पाणबुडीची गोष्ट सांगितली, कारण तिचा एक धागा आपल्याकडे येतो. 'तिलावा'ला बुडवणारी पाणबुडी आय-२९. पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, हीच पाणबुडी मादागास्करच्या बाजूला जर्मनीहून आलेल्या यू-१८० या पाणबुडीला भेटली. खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून दोन माणसं इकडून तिकडे आली : सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन, आपल्या हैदराबादचे. आय-२९ ने त्यांना सुमात्राजवळच्या सबांगला सुखरूप उतरवलं. जुलै १९४४ मध्ये फिलिपाइन्सच्या उत्तरेला अमेरिकन पाणबुडी 'सॉफिश'ने आय-२९ लाही बुडवलं.

सभेत चुळबुळ झाली. एक तरुण म्हणाला, "मग ती पाणबुडी आपली म्हणायची का दुश्मनाची?" नेताजींचं नाव निघालं की माझीही छाती भरून येते. पण त्या पोलादी नळीने नोव्हेंबरात २८० माणसं मारली, त्यांत आपलीच लेकरं होती, हेही तितकंच खरं. एक गोष्ट सांगताना दुसरी झाकायची नाही, म्हणून मी दोन्ही एकाच बैठकीत सांगतो. त्या तरुणाला हे उत्तर पुरलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. मलाही पुरत नाही.

मग पुढच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. धोतर, टोपी, हातात काठी. म्हणाले, "आमच्या गावात यादी झाली. तलाठी, मास्तर आन् आमी पोरं, घर-घर फिरून लिहिली. कुणाचं कोण गेलं, वय काय. माझ्या घरातली चार नावं मीच सांगितली. तुमी सांगायलात त्या बोटीवरल्या माणसांची यादी झाली का?"

लंडनमध्ये टॉवर हिलला ब्रिटिश व्यापारी खलाशांचं स्मारक आहे, ब्राँझच्या पाट्यांवर जहाजाच्या नावाखाली माणसाचं नाव. हिंदुस्थानी खलाशांची नावं मात्र मुंबई आणि चितगाव या दोन स्मारकांच्या नावे नोंदलेली आहेत, दुसऱ्या महायुद्धातली सहा हजारांवर. मुंबईचं स्मारक मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातली नावं तिथे दगडावर नाहीत, वहीत आहेत. ही यादी राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावरही बघता येते, जहाजाचं नाव टाकून शोधता येतं. मी मोबाइलवर तिथेच पान उघडलं आणि आजोबांच्या हातात दिलं. त्यांना इंग्रजी वाचता येईना, म्हणून शेजारच्या नातीने वाचायला सुरुवात केली. नाव, हुद्दा, बापाचं नाव, गाव. सारंग. टंडेल. भंडारी. आगवाला. ती दहा-बारा नावं वाचून थांबली, तर आजोबा म्हणाले, "वाच की अजून." तिने पान संपेपर्यंत वाचलं. सभा संपवायची घाई कोणी केली नाही.

वाचनालयाच्या गुरुजींनी ठरवलं आहे की ही यादी देवनागरीत उतरवून काढायची. कोकणातल्या, गुजरातेतल्या, सिल्हेटच्या गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगवरून ओळखणं सोपं नाही, कारकुनाने कानाला जे आलं ते लिहिलंय. मी त्यांना रत्नागिरीकडच्या दोन सहकाऱ्यांचे नंबर दिले. त्यांच्या घरात तीन पिढ्या बोटीवर गेल्या आहेत, गावं ते ओळखतील.

निघताना एक बाई थांबल्या. सोबत मुलगा, बारावीचा. "भाऊ, आताबी असं मारतेत का जहाजांना?" मारतात. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी गेले. आपल्या नौदलाच्या 'कोलकाता' या युद्धनौकेने बाकीच्या एकवीस जणांना उचललं. त्यांत एक भारतीय होता. त्या दिवसांत त्याच भागातून आमचंही जहाज जाणार होतं. कंपनीने मार्ग बदलला आणि आम्ही आफ्रिकेला वळसा घालून गेलो.

"मंग पाठवावं का न्हाई ह्याला?"

मी म्हणालो, पाठवा. गणित-फिजिक्स पक्कं करू द्या, मान्यता असलेल्या संस्थेतच घाला, एजंटाला एक रुपया देऊ नका, आणि धोक्याच्या समुद्रात जायला नकार द्यायचा हक्क खलाशाला असतो, तो आधीच समजावून घ्या. पोरगा मान हलवत होता. आईचं अजून पुरतं समाधान झालं नव्हतं.

"तिथून फोन लागतो का?"

लागतो. आता जहाजावर इंटरनेट असतं. दाजींनी गाडी सुरू केली तेव्हा मी त्या मुलाच्या वहीत डीजी शिपिंगच्या यादीतून कंपनीचा परवाना कसा तपासायचा ते लिहून देत होतो.